तमाशाचा फड: कोणाचं काम काय?

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. जुन्नर-आंबेगावचेच नव्हे, लांबलांबच्या गावांचे पंच यात्रेची सुपारी ठरवायला तिथे येतात. बोलणी सुरू झाली, की ‘नाचणाऱ्या किती?’ हा प्रश्न हमखास निघतो. फडाबद्दलचे बरेच गैरसमज या एका प्रश्नात आहेत.

गैरसमज: तमाशा म्हणजे लावणी, बाकीचे नुसते साथीला.

लावणीनृत्यावर उभी असते ती संगीत बारी. ढोलकी फडाचा तमाशा वेगळा. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, म्हणजे कथानाट्य, असा त्याचा क्रम. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची लावणी गाजली, तशा वगातल्या भूमिकाही. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तो या सगळ्या कलेचा.

गैरसमज: मागे उभे असलेले झीलकरी फक्त ‘जी जी’ करतात.

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो. एकाच्या बगलेत तुणतुणं, दुसऱ्याच्या हातात मंजिरी. तुणतुण्याला तार एकच. काडीने ती छेडत राहायची, म्हणजे गाणाऱ्याला सूरही मिळतो आणि लयही. मुख्य गायकाची ओळ संपता संपता झीलकरी ती उंच स्वरात उचलतात आणि शेवटचं अक्षर लांबवतात. तेवढ्यात गायक दम घेतो, पुढची ओळ जुळवतो. झील पडली तर गाणंच पडतं.

ढोलकी आणि हलगी म्हणजेही एकच ठेका दोनदा नव्हे. गणाआधी दोघांची सवाल-जवाबासारखी जुगलबंदी रंगते. हलगीवाला डाव्या हातातली बारीक काडी आणि उजव्या हातातलं टिपरू यांनी बोल काढतो. चामड्याची हलगी दमट हवेत सैल पडते, म्हणून वाजवण्याआधी ती जाळावर शेकावी लागते.

गैरसमज: सोंगाड्या म्हणजे नुसता विदूषक.

बतावणीत तो समोरचा प्रेक्षक पाहून, त्या गावच्या गोष्टी धरून आयत्या वेळी संवाद रचतो. गवळणीतली मावशी परंपरेने पुरुषच करतो, आणि तिच्या तोंडच्या कोट्याही बऱ्याचदा आयत्या वेळच्याच.

आता प्रेक्षकांतून सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश वाढली, की कात्री लागते ती वगाला. म्हणून यात्रा समित्यांना विनंती आहे: यंदा सुपारी देताना वग कोणता, सोंगाड्या कोण, ढोलकीवर कोण, हेही विचारा, आणि वग पूर्ण होऊ द्या.