पाण्याची बादली आणि लाल रेघ

चार वर्षांपूर्वी आम्ही घरावर मजला चढवला. त्याआधीच्या स्लॅबने आम्हाला चांगलाच धडा शिकवला होता. बेळगावचा पाऊस तो! दुसऱ्याच पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या छताला ओल धरली. त्या ठेकेदाराने पदरमोड करून दुरुस्ती करून दिली. पण त्यात त्याचा नफा गेला आणि गल्लीतली पुढची दोन कामेही गेली. माणूस कामचुकार नव्हता. मग चुकले कुठे?

नव्या कामाला मेस्त्री दुसरे होते. कॉलेज सुटले की मी साईटवर जाऊन बसू लागलो. इंजिनिअर बजावत, "वॉटर-सिमेंट रेशो पाळा." मेस्त्री मान डोलवत. मेस्त्री मराठी, तर मिक्सरवरची मंडळी खेड्यातून येणारी कन्नड. त्यांच्यापर्यंत निरोप पोचे तो एवढाच : 'नीरु नोडि हाकु', म्हणजे पाणी बघून घाल. किती, ते कुणीच सांगत नव्हते!

हिशेब तसा अवघड नाही. सिमेंटच्या वजनाच्या निम्मे पाणी धरले, तर ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर. वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. पण पाणी जास्त घातले की माल चटकन पसरतो आणि काम हलके होते. जादा पाणी पुढे उडून जाते, मागे बारीक छिद्रे राहतात. त्यातूनच पाऊस आत शिरतो, सळई गंजते.

मेस्त्रींचा मुलगा डिप्लोमा करत होता. त्याने बादलीत मापून साडेबारा लिटरवर लाल रंगाची रेघ मारली. पोत्याला रेघेपर्यंत दोन बादल्या, 'इष्टे साकु', एवढेच पुरे! मिक्सरवरच्या बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा नेमके कळले. पण माल घट्ट झाला. मेस्त्री कुरकुरले, "सर, हा माल सळईखाली उतरत नाही की!" मग भाड्याने व्हायब्रेटर आणला, तेव्हा माल नीट बसला. नवी पद्धत एकटी येत नाही. तिच्यासोबत दुसरे साधन आणि थोडा जादा खर्चही येतो. छोटा ठेकेदार तिथेच अडतो. पुढच्या बिलावर या आठवड्याचा पगार भागवणाऱ्याला प्रयोग फसून चालत नाही.

खरी गंमत पाणी मारण्यावरून झाली. "सात दिवस पुरे, वीस वर्षं हेच करतोय," मेस्त्री म्हणाले. त्यांचे चुकीचे नव्हते, पण ते जुन्या सिमेंटचे गणित होते. आता दुकानात बहुतेक मिळते ते पोर्टलँड पोझोलाना सिमेंट. त्यात औष्णिक वीज केंद्रातली राख मिसळलेली असते. बांधकामाच्या आयएस ४५६ या २००० सालच्या संहितेत साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस पाणी सांगितले आहे. उष्ण, कोरड्या हवेत तर अनुक्रमे १० आणि १४. पोते बदलले, पण मुदत कुणी बदलली नाही. माल दुकानातून आला, त्याची माहिती दुकानातच राहिली.

मी आकडे सांगून पाहिले. मेस्त्रींना पटेना. मग विचारले, "तुमचे वडील चुन्याचे काम करत ना? त्यात विटेची सुरखी का घालत?" ते लगेच खुलले. "चुना आणि सुरखी मिळायला वेळ लागतो सर, पण एकदा धरलं की दगड होतो. तोवर वाळू द्यायचं नाही." मी म्हटले, "ही राखही तेच करते. सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश मिळते." मेस्त्री क्षणभर गप्प झाले. मग मुलाला हाक मारून म्हणाले, "चौदा दिवस धर रे."

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० साली एक विचार मांडला. संस्था नवे ज्ञान किती पचवू शकते, हे तिच्यापाशी आधी काय ज्ञान आहे यावर ठरते, असे ते म्हणतात. त्यांच्यासमोर संशोधनावर पैसा खर्च करणाऱ्या कंपन्या होत्या. पण आमच्या साईटवर मला तेच दिसले. फक्त इथे ते आधीचे ज्ञान कागदावर नव्हते, वडिलांकडून आलेल्या हातात होते. गोव्यात काम करून परतलेला गवंडी, दुकानदार, डिप्लोमावाला मुलगा, मोबाईलवरची चित्रफीत, सगळीकडून नवे येते. पण ते जुन्याला जोडले गेले तरच टिकते. आणि आपल्या भागात आणखी एक पायरी आहे : ते मराठीतून कन्नडात पोचावे लागते.

घर बांधणाऱ्या कुटुंबांनी म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पोत्यावरचे सिमेंटचे नाव वाचावे. पाण्याचे माप मिक्सरवरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावे. आपल्या घरांत दोन्ही भाषा आहेत, त्या इथे कामी येतात. आणि व्हायब्रेटर, जादा दिवसांचे पाणी यांचा खर्च ठरावातच धरावा, मेस्त्रीच्या माथी मारू नये.

आमचा स्लॅब अजून कोरडा आहे. मेस्त्रींकडे आता प्रत्येक साईटवर लाल रेघेची बादली असते.