सामना संपला, घरी कसे जावयाचे?

वानखेडे क्रीडांगणावर रात्रीच्या सामन्याचा अखेरचा चेंडू पडतो, तेव्हा घड्याळात साडेअकराच्या आसपास झालेले असतात. विजेत्यांची चित्रे काढली जातात, दूरचित्रवाणीवरील पंडितांची चर्चा सुरू होते, आणि त्याच क्षणी तीस हजारांहून अधिक माणसे उठून उभी राहतात. त्यांपैकी कोणी बोरिवलीचे असते, कोणी विरारचे, कोणी डोंबिवलीचे, कोणी पनवेलचे. त्यांतील बहुतेकांस दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी गाठावयाची असते. कित्येकांच्या खांद्यावर झोपी गेलेले मूल असते. सामन्याचे आयोजन करणाऱ्यांच्या लेखी या घटकेस कार्यक्रम संपलेला असतो. प्रेक्षकाच्या लेखी मात्र त्याचा अवघड उत्तरार्ध आता कोठे सुरू होतो.

या उत्तरार्धाचा धनी कोण, असा प्रश्न आम्ही आज विचारीत आहोत.

मुंबईच्या क्रिकेटचा इतिहास पाहिला तर वानखेडे क्रीडांगणाचा जन्मच मुळी जागेच्या भांडणातून झाला. १९३७ साली उभ्या राहिलेल्या ब्रेबर्न स्टेडियमचे मालक, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे प्रेक्षकांच्या जागावाटपावरून बिनसले, आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे क्रीडांगण बांधून दाखविले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. तो वाद होता आतल्या खुर्च्यांचा. बाहेरच्या रस्त्यांचा वाद तेव्हा उपस्थित झाला नाही, कारण त्या काळी तशी गरजही भासली नसावी. शेजारून रेल्वे जाते, एका अंगाला चर्चगेट आणि दुसऱ्या अंगाला मरीन लाइन्स, आणि खेळ दिवसाउजेडी चाले.

५ नोव्हेंबर १९८७ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडने भारतास येथेच हरविले, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. ग्रॅहम गूचच्या त्या झाडू मारल्यासारख्या फटक्यांचा सल अद्याप गेलेला नाही! पण घरी परतताना झालेला त्रास मात्र आम्हांला आठवत नाही. याचे कारण आमची सहनशीलता नव्हे. सामना उन्हे कलण्याच्या सुमारास संपला होता आणि चर्चगेटवर गाड्यांमागून गाड्या सुटत होत्या. खिन्न प्रेक्षक कचेऱ्यांतून सुटलेल्या नोकरदारांत मिसळून गेले आणि गाड्यांनी दोघांनाही सारखेच सामावून घेतले. पुढे १९९६ च्या विश्वचषकात या क्रीडांगणावर विद्युत्प्रकाशात सामना झाला. मग रात्रीचे सामने हाच परिपाठ पडला. खेळाची वेळ बदलली, रेल्वेचे वेळापत्रक मात्र दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्या शहराचेच राहिले. सारी अडचण येथे आहे.

थोडे गणित करू. आमचा शिक्षकी पेशा सुटून बरीच वर्षे झाली, तरी फळ्यावर आकडेमोड केल्यावाचून एखादी गोष्ट पटत नाही, ही खोड गेलेली नाही. २०११ च्या विश्वचषकापूर्वी नूतनीकरण झाल्यापासून वानखेडे क्रीडांगणात सुमारे ३३ हजार प्रेक्षक बसतात. त्यांपैकी एक तृतीयांश, म्हणजे ११ हजार माणसे मोटारींतून आली, आणि प्रत्येक मोटारीत तिघे बसले असे धरले, तर सुमारे ३,६०० मोटारी झाल्या. एक मोटार उभी करण्यास, आत-बाहेर करण्याच्या वाटेसकट, साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एकूण ९० हजार चौरस मीटर, अर्थात २२ एकर. वाचकहो, आपले ओव्हल मैदान बरोबर तेवढे आहे. राजाबाई मनोऱ्यापुढची ती सारी हिरवळ, तिच्यावर रविवारी चालणारे डझनावारी सामने, हे सर्व पुसून तेथे पत्र्याच्या मोटारी उभ्या कराव्यात, तेव्हा कोठे एक तृतीयांश प्रेक्षकांची सोय होईल! आणि त्या मोटारी एकदम निघाल्या की काय? सिग्नल असलेल्या रस्त्यावरील एक मार्गिका तासाला फार तर सात-आठशे मोटारी सोडते. तीन मार्गिका मोकळ्या ठेवल्या तरी शेवटच्या मोटारीला निघण्यास दीड तास लागेल. उलट बारा डब्यांची एक लोकल, दाटीवाटीने का होईना, चार हजारांच्या आसपास माणसे उचलते. आठ-नऊ गाड्यांत सारे क्रीडांगण रिकामे होते.

वाहनतळ वाढवा, म्हणजे प्रश्न सुटेल, असे जे वारंवार म्हटले जाते त्याचे उत्तर या हिशेबात आहे. दक्षिण मुंबईच्या त्या चिंचोळ्या पट्टीत मोटारींसाठी जागा नाही, कधी होणारही नाही, आणि झाली तरी ती रस्त्यास पेलणार नाही. मार्च २०२४ पासून सागरी किनारा मार्ग टप्प्याटप्प्याने खुला झाला आणि वरळीहून निघालेली मोटार बोगद्यातून थेट मरीन ड्राइव्हवर येऊ लागली. सोय उत्तम, पण मोटारीस तेथवर लवकर आणून सोडणे आणि तेथे तिला उभे राहण्यास जागा असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बोगद्याच्या तोंडाशी मोटारी वाढल्या, ओव्हलचे क्षेत्रफळ वाढलेले नाही.

वाहतूक पोलिसांस हे पुरते ठाऊक आहे, हे त्यांच्या श्रेयास नमूद केले पाहिजे. सामन्याच्या दिवशी आसपासचे रस्ते बंद अथवा एकदिशा करावयाचे, वाहने उभी करण्यास मनाई करावयाची, आणि क्रीडांगणापाशी वाहनतळ नाही, लोकलने या, असे जाहीर करावयाचे, हा त्यांचा शिरस्ता आहे. शिरस्ता योग्यच आहे. पण ‘लोकलने या’ असे सांगणाऱ्याने ‘लोकलने जा’ असेही म्हणावयास हवे, आणि नेमके तेच म्हणण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही. येताना सायंकाळी गाड्या भरपूर असतात. जाताना, म्हणजे साऱ्या प्रेक्षकांस एकदम गाडी हवी असते त्या वेळी, गाड्या विरळ होत आलेल्या असतात. चर्चगेटहून शेवटची गाडी एकच्या सुमारास सुटते; छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून मध्य रेल्वेची अखेरची गाडी त्याहूनही आधी जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोचली आणि चर्चगेटला तिचे स्थानक झाले, याचा आम्हांला मनस्वी आनंद झाला. परंतु त्या वेळी जाहीर झालेल्या वेळापत्रकात तिची शेवटची फेरी रात्री साडेदहाच्या सुमाराची होती. सामना ऐन रंगात असताना मेट्रोने दार लावून घ्यावे, याला काय म्हणावे?

यावर कोणी म्हणेल, जरा गैरसोय झाली तर एवढे अग्रलेख लिहिण्याजोगे त्यात काय आहे? जावे थोडे उशिरा घरी. आम्हीही एके काळी असेच म्हटले असते. पण ४ जून २०२५ रोजी बंगळूरमध्ये जे घडले त्यानंतर असे म्हणणे कोणासही शोभणार नाही. चिन्नास्वामी क्रीडांगण हेदेखील वानखेडेसारखेच शहराच्या मध्यावर, मेट्रो स्थानकाच्या सान्निध्यात आहे. आदल्या रात्री तेथील संघाने आयपीएलचा चषक जिंकला. दुसऱ्या दिवशीच सत्काराचा घाट घालण्यात आला. प्रवेशाविषयीच्या सूचना संदिग्ध राहिल्या, क्रीडांगणाच्या क्षमतेच्या कित्येक पट माणसे दारांशी लोटली, आणि त्या रेटारेटीत अकरा जीव गेले. ती माणसे लढाईवर गेली नव्हती, टाळ्या वाजविण्यास गेली होती.

आपली गोष्ट निराळी आहे, असे मुंबईकराने समजू नये. ४ जुलै २०२४ रोजी विश्वविजेत्या संघाची मिरवणूक मरीन ड्राइव्हवरून वानखेडेपर्यंत निघाली, तेव्हा समुद्राच्या कडेने दुसरा समुद्र उसळला होता. मिरवणूक ठरल्या वेळेहून बरीच उशिरा निघाली. गुदमरलेल्या व जखमी झालेल्या काही लोकांस रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या सकाळी रस्त्यावर चपलांचे ढीग पडलेले होते. गर्दीने रुग्णवाहिकेस वाट करून दिली त्याचे देशभर कौतुक झाले आणि ते यथार्थ होते. परंतु एखादे शहर केवळ आपल्या नागरिकांच्या सौजन्यावर किती काळ विसंबून राहणार? २९ सप्टेंबर २०१७ रोजी एलफिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे चेंगरून मेली, तीही सौजन्यशीलच होती. पाऊस होता, पूल अरुंद होता, आणि मागून लोक येत होते, इतकेच.

ब्रिटनमध्ये ग्लासगो येथे २ जानेवारी १९७१ रोजी फुटबॉलचा सामना संपून प्रेक्षक बाहेर पडत असता आयब्रॉक्स क्रीडांगणाच्या एका जिन्यावर ६६ जण दगावले. खेळ पाहताना नव्हे, घरी जाताना. त्यानंतर १९७३ मध्ये तेथे क्रीडांगणांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली आणि १९७५ मध्ये कायदा झाला. क्रीडांगणाची क्षमता केवळ खुर्च्या मोजून ठरवू नये. दारांतून आणि जिन्यांवरून ठराविक मिनिटांत किती माणसे सुखरूप बाहेर पडतात तेही मोजावे आणि कमीत कमी येईल तो आकडा खरा मानावा, हे तत्त्व त्यातून रुजले. आमचे म्हणणे असे की, मुंबईत हे तत्त्व क्रीडांगणाच्या दारापाशी थांबता उपयोगी नाही. ते स्थानकाच्या फलाटापर्यंत नेले पाहिजे. रात्री साडेअकरा ते एक या वेळात तिन्ही रेल्वे आणि बेस्ट मिळून जितकी माणसे वाहून नेऊ शकतात, तितकी त्या क्रीडांगणाची त्या रात्रीची क्षमता.

मग करावयाचे काय? सामन्यांचे वेळापत्रक जाहीर होते ते आठवडेच्या आठवडे आधी. वाहतुकीची सूचना निघते ती सामना एक-दोन दिवसांवर आला असता. मधल्या काळात क्रिकेट संघटना, महानगरपालिका, वाहतूक पोलीस, दोन्ही रेल्वे, मेट्रो आणि बेस्ट यांचा पत्रव्यवहार चालतो. गणेशविसर्जनाच्या आणि वर्षअखेरीच्या रात्री रेल्वे जादा गाड्या सोडते, तेव्हा हे अशक्य आहे असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या क्रीडांगणावर कोल्डप्ले या विलायती गायकवृंदाचे कार्यक्रम झाले, त्यांसाठी गोरेगावहून खास लोकल सोडण्यात आल्या. गाण्यासाठी जे झाले ते क्रिकेटसाठी का होऊ नये? जर्मनीत २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी सामन्याच्या तिकिटावरच त्या दिवशीचा शहरातील प्रवास समाविष्ट होता; प्रेक्षक आपोआप मोटार घरी ठेवून निघाले. हजारो रुपयांच्या तिकिटात लोकलच्या भाड्याची भर ती कितीशी? तेवढ्यात रेल्वेस जादा गाड्यांचा खर्च निघेल, आणि किती माणसे कोणत्या दिशेने जाणार याचा अंदाज तिकीट विकतानाच हाती येईल.

मध्य आणि हार्बर मार्गांच्या प्रवाशांची उपेक्षा विशेष होते. मध्यरात्री मुलाबाळांसह त्यांना टर्मिनसपर्यंत पायपीट करावी लागते, टॅक्सीवाले अव्वाच्या सव्वा मागतात, आणि गाडी तर डोळ्यांसमोर निघून जात असते. सामना संपताच क्रीडांगण ते टर्मिनस अशा बेस्टच्या दहा-पंधरा बसगाड्या ओळीने उभ्या करणे ही काही अलौकिक योजना नव्हे.

दुसरी गोष्ट वेळेच्या शिस्तीची. शाळा सुटताना सर्व वर्ग एकदम सोडावयाचे नाहीत, हे आम्ही पहिल्याच वर्षी एका वृद्ध मुख्याध्यापकांकडून शिकलो. घंटा झाली तरी आधी खालच्या मजल्यावरील धाकट्या मुलांचे वर्ग सुटत, मग वरचे. तोवर वरच्या वर्गांत पाढे म्हणवून घेतले जात. मोठ्या मुलांना ते आवडत नसे, पण त्या अरुंद जिन्यावर आमच्या काळात कोणी पडल्याचे स्मरत नाही. क्रीडांगणात पाढे म्हणवून घेता येणार नाहीत हे खरे! तथापि दिवे लावून ठेवणे, खाद्यपेयांची दुकाने अर्धा तास उघडी ठेवणे, आणि पुढची गाडी कोठून, किती वाजता हे ज्या मोठ्या फलकावर धावा झळकतात त्याच फलकावर दाखविणे, एवढे तरी सहज शक्य आहे. माणसाला गाडी मिळणार अशी खात्री असली म्हणजे तो धावत सुटत नाही.

जे वृद्ध आहेत, अपंग आहेत, त्यांच्या वाहनांस अगदी दारापर्यंत येऊ द्यावे. त्याविषयी दुमत नसावे. पण आज ती मुभा त्यांच्याऐवजी भलत्यांनाच मिळते. सामान्य प्रेक्षकास अर्धा मैल अलीकडे अडविले जाते आणि काचेवर परवाना चिकटविलेल्या मोटारी मात्र आत सरकतात. परवाना कोणाला, कशासाठी, हे कधी प्रसिद्ध होत नाही. परवान्यांची संख्या तरी प्रसिद्ध करावी. डी रोड, ई रोड येथील रहिवाशांस सामन्याच्या दिवशी स्वतःच्या घरी पोहोचण्यास अडथळे पार करावे लागतात, त्यांच्या प्रवेशद्वारांपुढे परक्या मोटारी उभ्या राहतात. लंडनमध्ये ९० हजारांच्या वेम्ब्ले क्रीडांगणाभोवती सामन्याच्या दिवशी रस्त्यावर गाडी उभी करण्याची जागा रहिवाशांसाठी राखून ठेवली जाते. आलेल्या प्रेक्षकांनी रेल्वेने यावे, हे तेथे गृहीतच धरलेले आहे. आपल्याकडे रहिवाशांचा हा हक्क कोणी नाकारलेला नाही. तो बजावण्याची तसदी मात्र कोणी घेतलेली नाही.

सामन्याच्या तिकिटावर बारीक अक्षरांत सूचनांची भली मोठी यादी असते. पाण्याची बाटली आणू नये, छत्री आणू नये, पिशवी आणू नये, नाणी आणू नयेत, एकदा बाहेर पडल्यास पुन्हा आत सोडले जाणार नाही. एवढ्या सगळ्या मजकुरात चर्चगेटहून आणि टर्मिनसवरून शेवटची गाडी किती वाजता सुटते हे छापण्यास दोन ओळींची जागा निघू शकेल, असा आमचा अंदाज आहे.