भिवंडी शांत राहिली ती कशामुळे?

ईद, गणपती किंवा मोहर्रम जवळ आला की आपल्यापैकी अनेकांच्या गावात पोलीस ठाण्यातून निरोप येतो: शांतता समितीची बैठक आहे, या. बैठकीला ठरलेले चेहरे असतात. मशिदीचे ट्रस्टी, एक मौलाना, दोन-चार मंडळांचे अध्यक्ष, माजी नगरसेवक, एखादे शेठ. साहेब बोलतात, सगळे माना डोलावतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो. पुढच्या सणापर्यंत कुणाला कुणाची आठवण येत नाही. आम्हीही अशा बैठकांना गेलो आहोत, फोटोत उभे राहिलो आहोत. अशाच एका बैठकीहून घरी आलो तेव्हा अम्मीने विचारलं, "शेजारच्या आळीतून कोण कोण आलं होतं?" आम्हाला एकही नाव सांगता आलं नाही.

तेव्हापासून भिवंडीचा विचार मनातून जात नाही. जुन्या वाचकांना ही हकिगत थोडीफार ठाऊक असेल. घरातल्या तरुण मुलामुलींना मात्र बहुतेक नसेल.

भिवंडी हे दंगलीचं गाव म्हणूनच देशभर ओळखलं जायचं. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली आणि पोलिसांच्या पक्षपाती वागणुकीवर कडक शब्दांत ठपका ठेवला. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली आणि तिची आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. त्यामुळे ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली, तेव्हा सगळ्यांची पहिली नजर भिवंडीवर होती. पण जळाली ती मुंबई. डिसेंबर आणि जानेवारी मिळून तिथे सुमारे ९०० माणसं मारली गेली. मुंबईच्या अगदी जवळची भिवंडी मात्र ते दोन्ही महिने शांत राहिली.

असं का झालं, याचं एक उत्तर नेहमी ऐकायला मिळतं. ते म्हणजे धंदा. भिवंडी यंत्रमागांचं गाव. इथे जुने कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलुगू बोलणारे पद्मशाली आहेत, गुजराती आणि मारवाडी व्यापारी आहेत, आजूबाजूच्या गावांतले आगरी आहेत. सूत एकाचं, माग दुसऱ्याचा, मागावर उभा राहणारा कामगार तिसरा, कोरं कापड उचलणारा व्यापारी चौथा. दंगल झाली की खटखट थांबते आणि चौघांच्याही घरची चूल विझते. मग कशाला कोण दंगल करेल?

ऐकायला हे बरं वाटतं. पण १९७० मध्येही माग होतेच ना? १९८४ मध्येही सूत एकाचं आणि माग दुसऱ्याचाच होता. तरी घरं जळली, माग जळले, शेजाऱ्याने शेजाऱ्याकडे पाठ फिरवली. देवाणघेवाणीने ओळख होते, पण अफवेच्या रात्री ती ओळख उपयोगी पडेलच असं नाही, हे भिवंडीने दोनदा भोगलं होतं. म्हणजे १९८४ आणि १९९२ या दरम्यान काहीतरी वेगळं घडलं असलं पाहिजे.

ते घडलं १९८८ पासून. सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी भिवंडीत उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या करायला सुरुवात केली. सत्तरच्या आसपास कमिट्या झाल्या. त्यांचं पहिलं वैशिष्ट्य म्हणजे प्रत्येक कमिटीत हिंदू आणि मुसलमान सारख्याच संख्येने. लोकसंख्येच्या प्रमाणात नाही, बरोबरीने. ज्या आळीत आपण जास्त, तिथेही निम्म्याच खुर्च्या आपल्या. ज्या आळीत ते जास्त, तिथेही निम्म्याच त्यांच्या. गुन्हेगारी करणाऱ्यांना त्यात जागा नव्हती, आणि भर मोठ्या पुढाऱ्यांपेक्षा वस्तीतल्या साध्या माणसांवर होता.

दुसरं वैशिष्ट्य आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. कमिटी सणापुरती नव्हती. ती एरवीही भरायची, आणि मोहल्ल्यातली लहानसहान भांडणं तिच्यासमोर यायची. तुमची-आमची भांडणं कशावरून होतात? नळाच्या रांगेवरून, गटारीवरून, मुलांच्या मारामारीवरून, गल्लीत लावलेल्या गाडीवरून. अशा भांडणांतल्या माणसांची नावं वेगवेगळ्या धर्मांची असली की ठिणगी कुठे पडेल सांगता येत नाही. कमिटीत बसून दहा वेळा गटारीचा वाद मिटवलेल्या माणसाला अकराव्या वेळी मिरवणुकीच्या रस्त्याबद्दलही बोलता येतं. आणि पोलीस तिथे हुकूम सोडायला नव्हे, बसून ऐकायला यायचे. ज्या पोलिसांवर आपला भरवसा उडाला होता, त्यांना मोहल्ल्यातली माणसं नावानिशी ठाऊक झाली आणि मोहल्ल्याला ते ठाऊक झाले.

याला आम्ही अधिकाराची वाटणी म्हणतो. नुसता मेळ नव्हे. शीरखुर्म्याची वाटी शेजारी गेली आणि फराळाचं ताट आपल्याकडे आलं, ही मोठी नेमत आहे. ती चालू राहो. पण आपल्या गल्लीचं काय करायचं, हे ठरवताना दोघांच्या शब्दाला सारखं वजन असणं ही वेगळी गोष्ट आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या सहा शहरांची जोडी-जोडीने तुलना करून २००२ मध्ये एक ग्रंथ लिहिला. त्यांना दिसलं तेही असंच: मोठ्या शहरात घरगुती येण्याजाण्यापेक्षा संघटना, व्यापारी मंडळं, कामगार संघ, क्लब अशा एकत्र चालवलेल्या संस्था दंगल अडवायला जास्त उपयोगी पडतात. भिवंडीच्या कमिट्यांचीही त्यांनी दखल घेतली आहे.

खरी परीक्षा आली तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. डिसेंबर १९९२ मध्ये तिथे उपायुक्त होते गुलाबराव पोळ, आणि त्यांनी कमिट्या बंद पडू दिल्या नव्हत्या. साहेब बदलला तरी कमिटी टिकली, याचा अर्थ ती एव्हाना साहेबाची राहिली नव्हती, मोहल्ल्याची झाली होती. मुंबईतही दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी केली. पण तिथे ती जखमेनंतरची मलमपट्टी होती. भिवंडीला वेळ मिळाला होता.

आपल्या मुलांना हे सांगताना सीरतमधली एक गोष्ट जोडून सांगता येईल. नबुवतीच्या आधी मक्केत येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल एका बड्या सरदाराने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी निरनिराळ्या घराण्यांची माणसं जमली आणि मजलूम कुणीही असो, त्याच्या बाजूने उभं राहायची शपथ घेतली. हाच हिल्फुल फुजूल. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) तरुणपणी त्यात सामील होते आणि नंतरही त्याचा अभिमानाने उल्लेख करत. या कराराची सुरुवात परक्या माणसाच्या थकलेल्या रकमेपासून झाली, हे आम्हाला विसरता येत नाही.

भिवंडीची पुढची हकिगतही लपवून चालणार नाही. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे वाद पेटला. गोळीबारात दोघे गेले आणि मग जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केलं. ही हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. वस्ती आणि पोलीस समोरासमोर आले होते, म्हणजे ज्या दोघांना एका सतरंजीवर बसवलं होतं तेच. एका जागेचा प्रश्न बसून सुटण्याआधी चार घरांत मातम झाला. बैठक नेमाने भरत नसेल तर जुन्या नावलौकिकाने काही वाचत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरातली. अफवा आता नाक्यावर नाही, आधी मोबाईलवर येते, आणि बऱ्याचदा स्वयंपाकघरात असलेल्या बाईच्या मोबाईलवर. ती खोटी आहे हे पलीकडच्या आळीतल्या कुणाला फोन करून विचारायचं तर त्या बाईकडे पलीकडचा एक तरी नंबर हवा. पाण्याच्या टँकरपाशी, शाळेच्या फाटकाशी, बचत गटात तिची ओळख झालेलीच असते. कमिटीच्या यादीत मात्र ती नसते.

गेल्या महिन्यात आम्ही तिघे-चौघे ठाण्यात गेलो आणि आमच्या भागाच्या समितीची यादी पाहायला मागितली. कुठलाही सण नव्हता, म्हणून हवालदाराला जरा नवल वाटलं. यादीतले दोघे अल्लाहला प्यारे झालेले, एकजण केव्हाच मुंब्र्याला राहायला गेलेला, बाईचं नाव एकही नाही. नवी नावं लिहून आणा, असं सांगून साहेब उठले.

रात्री घरी कागद घेऊन बसलो. अम्मी म्हणाली, पहिलं नाव आपल्यातलं नको. शेजारच्या आळीतल्या पिठाच्या गिरणीवाल्या काकूंचं लिहा, त्यांना दोन्हीकडच्या प्रत्येक घराची खबर असते. आम्ही लिहिलं. मग तिने आणखी एक सांगितलं: बैठक सकाळी अकराला ठेवायची नाही, तेव्हा गिरणीवर गर्दी असते. असरनंतर ठेवा.