स्वतःचं सोंग

सकाळी सहा. तोंड धुण्याआधीच आरसा घेते. समोर कुणी आलं तर चेहरा लगेच आवरायची सवय आपल्याला असते. झोपेतून उठलेल्या चेहऱ्याला मात्र ते अजून जमत नाही, म्हणून ही वेळ. कोळशाने, भराभर, पाच-दहा मिनिटांत. सुजलेले डोळे, गालावर उशीची घडी. रेखाटनं बहुतेक वाईटच होतात, पण दिवसभरात एवढी खरी दुसरी होत नाहीत.

साडेसात ते नऊ कुकर, डबे, पाणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

साडेनऊला खरं काम सुरू. विरारला, बोळींजच्या बाजूला, उत्तरेची खिडकी असलेली खोली बघूनच घर घेतलं. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा सरकत नाही, त्यामुळे नाकाची सावली अकरा वाजताही जागेवर सापडते. पावसाळ्यात मात्र तोच उजेड शिळा पडतो. हवेतल्या ओलीने जवसाच्या तेलातला रंग वाळत नाही आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. वसई-विरारमध्ये तैलरंगात काम करायचं तर जून ते सप्टेंबर धीर धरायचा.

आज हिरवट तळावर कातडीचा रंग चढवायचा आहे. पिवळी माती, बर्न्ट सिएना, थोडा पांढरा. खालचा हिरवा डोळ्यांखाली तसाच राहू द्यायचा. एवढं हाताला येतं. अडचण नजरेची आहे. आरशात बघून स्वतःला रंगवणारा माणूस चित्रात रागावलेला दिसतो. कारण साधं आहे. आपण आरशात टक लावून भुवईचा कोन डोळ्यांत साठवतो, मग कॅनव्हासकडे वळतो, पुन्हा टक लावतो. भुवया आवळलेल्या, ओठ मिटलेले. तो राग नसतो, मेहनत असते. पण चित्रात उतरतो तो राग आणि बघणारे म्हणतात, केवढं खोल दुःख! आत्मचित्रातला पहिला मुखवटा हा असा कामातूनच चढतो. रेम्ब्रांटला हे विशीतच कळलं असावं. 1630 च्या सुमाराच्या छोट्या एचिंग्जमध्ये तो आरशासमोर तोंडं वेडीवाकडी करतो. कुठे हसतो, कुठे डोळे वटारतो, कुठे ओठांचा चंबू करतो. टक लावलेला चेहरा मोडायची ती युक्ती होती, असं मला वाटतं.

साडेबाराला मुखवटा घालते. घरीच केलेला आहे, कागदाचा लगदा आणि मेथीची पूड वापरून. जव्हार-मोखाड्याचा बोहाड्याचा मुखवटा विकत का घेत नाही, असं लोक विचारतात. होळीनंतर, पावसाच्या आधी, तिकडच्या आदिवासी गावांत रात्रभर बोहाडा चालतो. संबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि गणपती, नरसिंह, रावण अशी सोंगं एकामागून एक नाचत येतात. कुठलं सोंग कुणी घ्यायचं याचा मान घराण्यांकडे असतो आणि मुखवट्याची पूजा होते. ती वस्तू माझ्या भिंतीवर कशाला? परंपरेने तिथे देवीचं सोंगही पुरुषच घेतात. मी बाई, त्यामुळे हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. पण बोहाड्यातून मी एक गोष्ट उचलली: तिथे सोंग चढल्यावर माणूस लपत नाही. दिवसा शेतावर खाली मान घालून राबणारा माणूस रात्री छाती काढून सगळ्या गावासमोर नाचतो.

तर, मुखवटा घालून आरशासमोर बसते. आत श्वास कोंडतो, चष्म्यावर वाफ धरते, भोकांतून अर्धंच दिसतं. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर मी खांद्यांकडे बघायला लागते. डावा खांदा वर ओढलेला, हात मांडीवर घट्ट आवळलेले. मुखवट्याने झाकलेली बाई मानेखाली सगळं सांगून टाकते. माझ्या आत्मचित्रांच्या मालिकेतली बरी चित्रं याच वेळची आहेत.

दोनला जेवण, चारला शिकवणी. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना बसणारी मुलं. परीक्षेला आत्मचित्र नसतं, तरी आठवड्यातून एकदा करायला लावते. आरसा हातात दिला की मुलं सेल्फीचा चेहरा करतात, मान तिरकी, गाल आत. "टीचर, दात दाखवायचे का?" मी म्हणते, "दाखव, पण अर्धा तास तसाच बस." दोन मिनिटांत जबडा दुखतो आणि खरा चेहरा हजर होतो.

साडेसहाला वही घेऊन विरार स्टेशन. चर्चगेटहून साठेक किलोमीटर उभ्याने आलेल्या बायका उतरतात. याच गाडीत मीही वर्षानुवर्षं होते. बोरिवलीपर्यंत कचेरीचा चेहरा टिकतो. भाईंदरची खाडी आली की कुणी मटार सोलायला घेतं, कुणी भजन धरतं. फलाटावर पाय पडतो तेव्हा घरचा चेहरा अजून चढलेला नसतो. जिन्यापर्यंतचं तेवढं अंतर माझ्या कामाचं.

रात्री नऊला पुस्तकं. जेम्स एन्सोरचं 1899 चं मुखवट्यांतलं आत्मचित्र. ऑस्टेंडमध्ये त्याच्या घरच्यांचं दुकान होतं, तिथे कार्निव्हलचे मुखवटे विकायला असत. चित्रात मुखवट्यांच्या गर्दीत त्याचाच चेहरा तेवढा उघडा आहे, पण डोक्यावर टोपी रुबेन्सच्या थाटाची! त्याच्या शेजारी अतुल दोडियांचं 1994 चं ‘द बॉम्बे बुकानिअर’ ठेवते. घाटकोपरचा हा चित्रकार ‘बाजीगर’च्या पोस्टरमधल्या नायकासारखा पिस्तूल रोखून उभा आहे आणि काळ्या चष्म्याच्या दोन काचांत डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खख्खर हे चित्रकार दिसतात. मला एन्सोरपेक्षा दोडिया पटतात. आपण कुणाच्या नजरेतून घडलो, हे त्यांनी मुखवट्यावरच लिहून टाकलंय.

दहाला ब्रश धुऊन, साबण लावून आडवे ठेवते.

तुम्हीही एकदा करून बघा. आरसा, पेन्सिल, अर्धा तास. पहिलं चित्र रागीट येईल. ते फाडू नका, दुसरं काढताना समोर ठेवा.