सासूबाईंची शाळा

पीएच.डी. राहूनच गेली. टिपणांच्या दोन वह्या अजून कपाटात आहेत. त्या मी हल्ली उघडत नाही. आता पंचेचाळिशीत कन्नड अक्षरं गिरवते आहे. बोलता येतं हो, वाचता येत नव्हतं. निमित्त बेंद्र्यांचं. धारवाडच्या या कवीच्या घरची भाषा मराठी, १९७३ चं ज्ञानपीठ मात्र कन्नड 'नाकु तंती'ला. ते मुळातून वाचायचंय.

रात्री भांडी आवरली की सासूबाई शिकवायला बसतात. कन्नडात ऱ्हस्व 'ए' वेगळा, दीर्घ वेगळा. मी तिथं हमखास चुकते. "इन्नोम्मे ओदव्वा," पुन्हा वाच, म्हणतात.

परवा चार ओळी न अडखळता वाचल्या. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत. उठून डब्यातला कुंदा वाटीत घातला, माझ्यापुढं सरकवला.