जिल्हा परिषदेत आपला वाटा

आपल्या आज्यांच्या काळी जिल्ह्याला 'लोकल बोर्ड' होतं. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावातली प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र, अंगणवाडी तीच चालवते.

२०११ च्या दुरुस्तीनं निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याचा, हेही आपण पाहतोच म्हणा! पण परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखलेले असतात. शिलाई मशीन, पिठाची गिरणी अशा योजना त्यातूनच निघतात. यंदा कोणत्या आहेत, हे पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना विचारा. अर्ज दिलात की पोच मात्र घ्याच.