हरवलेल्या फ्रेम्सचा शोध

बारावीत शिकणारा एक विद्यार्थी एके दिवशी आमच्याकडे तक्रार घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी तो प्लेस्टेशन ४ या कन्सोलवर फुटबॉलचा खेळ खेळतो आणि लॅपटॉपच्या मदतीने त्या खेळाचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करतो. त्याच्या स्वतःच्या टीव्हीवर खेळ सलग दिसतो. पण पाहणाऱ्या मित्रांना मात्र खेळाडू धावताना दिसत नाहीत, अडखळत उड्या मारताना दिसतात. ‘नेट स्लो असणार’ हे सर्वांचे एकमुखी निदान. वडील अधिक महागडी इंटरनेट जोडणी घ्यायच्या विचारात होते. तेवढ्याने भागले नाही तर नवा लॅपटॉप. खर्च करण्याआधी मोजून तरी पाहू, असे आम्ही सुचवले. त्या मोजमापाची ही हकिकत. व्हिडिओ गेममध्ये रस नसलेल्या शिक्षकांनाही ती उपयोगी पडेल; कारण शाळेचे स्नेहसंमेलन किंवा एखादा प्रयोग थेट दाखवतानाही जवळपास हीच यंत्रणा वापरली जाते, आणि ती अडते तीही याच ठिकाणी.

एका सेकंदाचे साठ भाग

वहीच्या कोपऱ्यात थोडी थोडी बदलत जाणारी चित्रे काढून पाने भराभर सोडली, की चित्रातला माणूस चालू लागतो. पडद्यावरची हालचाल अशीच, स्थिर चित्रांच्या मालिकेतून निर्माण होते. यातील प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम्स असतात. आमच्या विद्यार्थ्याचा कन्सोल टीव्हीकडे ६० पाठवतो. म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला येतात १००० भागिले ६०, सुमारे १६.७ मिलिसेकंद.

आता ही फ्रेम कोणत्या वाटेने जाते ते पाहू. कन्सोलमधून ती एचडीएमआय केबलने कॅप्चर कार्ड नावाच्या छोट्या उपकरणात येते. (लॅपटॉपला एचडीएमआयचे छिद्र असतेच, मग वेगळे उपकरण कशाला, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते छिद्र सहसा चित्र बाहेर पाठवण्यासाठी असते, आत घेण्यासाठी नव्हे.) कॅप्चर कार्ड ती यूएसबीमार्फत लॅपटॉपला देते. तेथे प्रक्षेपणाची आज्ञावली खेळाच्या चित्रावर खेळणाऱ्याचा चेहरा, नाव, गुणफलक बसवते. मग एन्कोडर ते चित्र दाबून लहान करतो आणि शेवटी ते इंटरनेटवर रवाना होते.

बांधकामावर घमेली हातोहात पुढे देणाऱ्या मजुरांच्या रांगेसारखीच ही रांग आहे. रांगेतील एकाचा हात जरी मंद असला, तरी पलीकडे पोचणाऱ्या घमेल्यांची संख्या तोच ठरवतो. बाकीच्यांनी कितीही घाई केली तरी उपयोग नाही. तेव्हा प्रश्न एवढाच, की मंद हात कोणाचा?

माहितीचा डोंगर

काम किती मोठे आहे याचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट धरले, तर एका फ्रेमला सुमारे ५ कोटी बिट लागतात आणि ६० फ्रेम्सना सुमारे ३०० कोटी. म्हणजे सेकंदाला ३,००० मेगाबिट! प्रक्षेपणासाठी मात्र आपण सेकंदाला साधारण ६ मेगाबिट वापरतो. माहिती ५०० पट आकसवायची आहे, आणि तीही फ्रेममागे १६.७ मिलिसेकंदांत.

हे कसे जमते? फुटबॉलच्या मैदानाचे हिरवे गवत या फ्रेममध्ये जसे आहे, जवळजवळ तसेच पुढच्या फ्रेममध्ये असते. फक्त थोडे सरकलेले. सर्व चित्र पुन्हा पाठवण्याऐवजी ‘हा तुकडा इतका डावीकडे सरकला’ एवढेच कळवले तरी चालते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या मानकात चित्राचे १६ गुणिले १६ बिंदूंचे तुकडे पाडून असा शोध घेतला जातो. पूर्ण एचडी चित्राचे असे ८,१६० तुकडे होतात. प्रत्येक तुकडा आधीच्या चित्रात कोठे होता हे धुंडाळणे, हेच एन्कोडरचे कष्टाचे काम.

तीन आकडे

विद्यार्थी ‘ओबीएस स्टुडिओ’ ही विनामूल्य आज्ञावली वापरत होता. तिच्यात आकडेवारीची एक चौकट उघडता येते. पुष्कळजण ती कधीच उघडत नाहीत. हरवलेल्या फ्रेम्सचा हिशेब तेथे तीन ठिकाणी वेगवेगळा मांडलेला असतो : चित्र जुळवताना उशीर झाल्यामुळे हुकलेल्या, एन्कोडरला वेळ न पुरल्यामुळे वगळलेल्या आणि इंटरनेटवर पाठवता न आल्यामुळे टाकून दिलेल्या.

दहा मिनिटे प्रक्षेपण करून आम्ही आकडे पाहिले. इंटरनेटमुळे टाकलेल्या फ्रेम्स : शून्य. नेटवरील आरोप तेथेच फेटाळला गेला. जुळवणीत हुकलेल्या नगण्य होत्या. एन्कोडरने वगळलेल्यांचा आकडा मात्र सारखा वाढत होता. कारणही लगेच सापडले. कोणीतरी ‘चित्र अधिक चांगले येते’ असे सांगितल्यामुळे त्याने एन्कोडिंगचे काम लॅपटॉपच्या मुख्य प्रोसेसरवर सोपवून सर्वांत बारकाईने शोध घेणारी पद्धत निवडली होती. बारकाईला वेळ लागतो, आणि वेळ तर १६.७ मिलिसेकंदच.

आता बहुतेक लॅपटॉपमध्ये याच कामासाठी वेगळी विद्युत्मंडले असतात. इंटेलने २०११ पासून ‘क्विक सिंक’ आणि एनव्हीडियाने २०१२ पासून ‘एनव्हीएन्क’ या नावाने ती द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे काम सोपवताच वगळलेल्या फ्रेम्सचा आकडा थांबला. तिन्ही रकाने स्वच्छ!

हिशेबात न येणारी फ्रेम

तरीही मित्रांचा निरोप आला : ‘पूर्वीपेक्षा बरे आहे, पण अजून अडखळते.’ आकडे म्हणत होते सर्व ठीक, डोळे म्हणत होते नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी डोळ्यांवर किंवा आकड्यांवर चिडू नये. तो आकडा नेमके काय मोजतो, हे विचारावे.

ते तीन रकाने लॅपटॉपच्या आतल्या फ्रेम्स मोजतात. लॅपटॉपपर्यंत जी फ्रेम पोचलीच नाही, तिची नोंद त्यांत कशी असणार? नवे चित्र आले नाही, तर आज्ञावली जुनेच चित्र पुन्हा लावते आणि सेकंदाला ६० चा शब्द पाळते. संख्या ६०, पण वेगळी चित्रे कमी. हे तपासायला आम्ही चेंडू सतत हलता ठेवून थोडे चित्रण लॅपटॉपवरच साठवले आणि व्हीएलसी या आज्ञावलीत ‘ई’ ही कळ दाबत एकेक फ्रेम पुढे नेली. ६० फ्रेम्समध्ये वेगळी चित्रे भरली अवघी २७.

दोष यूएसबीच्या वाटेत होता. कॅप्चर कार्ड एका जुन्या हबमधून जोडले होते आणि त्याच हबवर चेहऱ्याचा कॅमेराही होता. यूएसबी २.० ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट. रंगांची माहिती विरळ करून बिंदूमागे १६ बिट ठेवले, तरी पूर्ण एचडीच्या ६० फ्रेम्सना सुमारे २,००० मेगाबिट लागतात. कार्ड मग चित्र घाईने आकसवते किंवा फ्रेम्स कमी करते. यूएसबी ३.० ची गती ५,००० मेगाबिट आहे. लॅपटॉपला असे एक छिद्र होतेच. त्याच्या आत बहुधा निळी पट्टी असते किंवा शेजारी ‘एसएस’ अशी खूण असते. कार्ड थेट तेथे जोडले आणि पुन्हा मोजले : ६० पैकी ६०.

आणखी काही सापळे

अडखळणे सुरुवातीला नसेल आणि अर्ध्या तासाने सुरू होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. तो गादीवर न ठेवता टेबलावर, मागची बाजू किंचित उचलून ठेवावा. हवेची छिद्रे साफ असावीत आणि चार्जर जोडलेला असावा.

आपल्याकडील जुनी दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चित्रांची. त्या सवयीने कोणी आज्ञावलीत २५ किंवा ५० निवडतात. कन्सोल ६० देत असता ५० निवडले, तर दर सहांतील एक फ्रेम गळते आणि हालचालीला नियमित धक्का बसतो. ३० निवडले तर एकाआड एक फ्रेम घेतली जाते. हालचाल कमी तलम, पण समान. म्हणून ६० किंवा ३० च निवडावे.

टाकून दिलेल्या फ्रेम्सचा तिसरा रकाना वाढत असेल, तेव्हाच नेटकडे वळावे. तेथेही माहिती उतरवण्याची नव्हे, तर चढवण्याची गती मोजावी आणि तिचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वापरू नये. वायफायऐवजी केबल जोडून पाहावी. तरीही जमले नाही, तर १२८० गुणिले ७२० बिंदूंचे चित्र घ्यावे. त्यात ९,२१,६०० बिंदू, म्हणजे आधीच्या ४४ टक्केच. तेवढ्याच ६ मेगाबिटमध्ये प्रत्येक बिंदूला दुपटीहून अधिक वाटा मिळतो. वेगवान खेळात हे चित्र अनेकदा अधिक स्वच्छ दिसते. बुद्धिबळासारख्या संथ खेळाला मात्र मोठे चित्र आणि ३० फ्रेम्स पुरतात.

वर्गात करून पाहा

दहा मुलांची रांग करून वह्या हातोहात पुढे द्यायला सांगा. एका मुलाने प्रत्येक वहीवरील नाव मोठ्याने वाचूनच ती पुढे द्यावी. मिनिटाला किती वह्या पोचतात ते मोजा. मग इतर नऊ जणांना घाई करायला सांगा आणि पुन्हा मोजा. शेवटी फक्त त्या एकाचे काम हलके करा. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलानंतर मोजणी, हा नियम मुलांना येथे आपोआप उमजतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी नवी जोडणी घेतली नाही, लॅपटॉपही तोच आहे. एकूण खर्च शून्य. मात्र एन्कोडर बदलल्यावरच आम्ही ‘झाले’ म्हणून उठलो असतो, तर दुसरा दोष लपूनच राहिला असता. आणि मग कदाचित नव्या लॅपटॉपलाही तोच जुना हब जोडला गेला असता.